अण्णाची सात झाडं आन माझी जीभ

शिंदी पिऊन सरळ चालणारा माणूस आळंद तालुक्यात कोन, असं कुणी इचारलं तर मी पयलं माझंच नाव सांगतो. खजुरीच्या रस्त्याला मी एकदा नालीत पडल्तो ते खरं हाय, पन त्या दिवशी मी नुस्ता चहा पेल्तो.

शिंदी मंजी काय, ते आमच्या हिकडं सांगावं लागत न्हाई. तुमी लांबचे असाल तर सांगतो. खजुराच्या जातीचं झाड असतं, पन खजूर येत न्हाई. आलाच तर नुस्ती बी आन वर साल, चावायला बसलं की दात इचारतो, मला कामून तरास देतोस. तर थंडीच्या दिवसात त्या झाडाला गळ्यापाशी इळ्यानं तासायचं आन खाली मडकं बांधायचं. थेंब थेंब रस पडतो. दिवस उगवायला काढला तर गोड. ऊन चढलं की मडक्यात आपलं आपणच फेसाळतं, आंबटतं, आन दोन घंट्यात डोक्यात जायच्या लायक होतं. त्यात कुणाची हुशारी न्हाई. मडकंच सगळं करतं.

आमच्या गावात मात्र त्यात बी हुशारी व्हती, आन ती अण्णाची व्हती. नाव सांगत न्हाई. वढ्याच्या काठाला त्येंच्या रानात शिंदीची सात झाडं. इकायला बंदी हाय, आन बंदी नसती तरी अण्णानं इकली नसती. मनायचे, "लेकराला दूध पाजून कोन पैसे घेतं का?" पन फुकट बी देत नव्हते. त्येंच्याकडं परीक्षा व्हती.

परीक्षा अशी. सकाळी मडकी उतरवली की अण्णा पळसाच्या पानाचा द्रोण भरून हातात द्यायचे. एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, आन ही कोणत्या झाडाची ते सांगायचं. बरोबर आलं तर पोटभर प्या. चुकलं तर उठा, उद्या या. सातीच्या साती झाडाला नावं व्हती. एक जरा वाकडं व्हतं, ती लंगडी. एक रस द्यायच्या आधी माणसाला तीन चकरा मारायला लावायचं, तो तहसीलदार. एक रोज एवढाच्या एवढा रस द्यायचं, थेंब कमी न्हाई आन थेंब जास्त न्हाई, ती मास्तरीण. एकीला कितीबी बोला, आपल्याच मनानं चालायची, ती बहिरी. मग थोरली, धाकटी, आन कालपरवा तासायला घेतल्याली नवरी.

अण्णा झाडावर चढायचे ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. आधी भांग पाडायचे. आरसा नव्हता, पान्याच्या बादलीत बगून पाडायचे. मी एकदा इचारलो, "अण्णा, झाडावर कोन बगायला येणार हाय तुमाला?" तर मनले, "तू खाली ऱ्हातोस, तुला काय कळायलंय. वर गेलं की चार गावचे लोक बगतेत."

माणसासंगं त्येंची मराठी, बैलासंगं हिंदी, आन झाडासंगं कानडी. बुडाला हात लावून इचारायचे, "बरलेनव्वा?" मंजी येऊ का गं माय. मग कान लावून थांबायचे. झाड हौ मनलं तर चढायचे. कदी कदी तसंच माघारी फिरायचे. "आज न्हाई मनली." मग त्या दिवशी त्या झाडाचं मडकं रिकामं, आन त्याच्यावर वाद न्हाई. एकदा तहसीलदारावर चढले ते दुपारपतोर खालीच येईनात. आमी दहाबारा माणसं खाली जमलो. कुणी मनलं चक्कर आली, कुणी मनलं दोर अडकला. त्येंची बायको, तिला सगळं गाव आक्का मनतं, ती कंबरंवर हात ठेवून वर बगून मनली, "अवो, काय झालं?" वरनं अण्णा शांत आवाजात मनले, "अजून सही केली न्हाई यानं."

आक्का मनली, "मग जेवायला वरच पाठवू का?" तवा कुठं सही झाली.

एकदा एक सायब आल्ते, शिंदी धरायला. जीपमधनं उतरले, मडक्याकडं बोट करून मनले, "ये क्या है?" अण्णानं द्रोण भरून हातात दिला. "वळखा." सायबानं घोट घेतला आन मनले, "शिंदी." अण्णा मनले, "ते तर म्हशीला बी कळतं. कोणती?" सायबानं पुन्हा घोट घेतला, डोकं खाजवलं. अण्णा मनले, "उद्या या." सायब दुसऱ्या दिवशी खरंच आले. पुन्हा नापास. असे सहा दिवस येत ऱ्हायले. सातव्या दिवशी लंगडी वळखली, पोटभर पेले, आन जाताना अण्णाच्या पाया पडून गेले. कशाला आल्तो ते इसरूनच गेले. मला वाटतं त्येंच्या सायबालाबी त्येनी कायतरी दुसरंच सांगितलं असंल.

आता माझं सांगतो. शाळेत मी दोन दिवस गेलो, त्यातला एक दिवस सुट्टी व्हती. कामाचं मनाल तर माझी बायको सगळ्याला सांगते, "ह्येंच्या हाताला फोड आल्याला मी फकत एकदा बगितला, तो बी चहाचा भाजल्याला." असल्या माणसाला गावात कोन इचारतं? पन अण्णाच्या परीक्षेत मी कदी नापास झालो न्हाई. इस वर्षं. अण्णा मला नावानं हाकच मारत नव्हते. मी बांधावर दिसलो की वरडायचे, "जीभ आली गं, जिभेला द्या."

खरं सांगू का? मला चव कळतच न्हाई. बायकोनं एकदा रागानं चार दिवस कालवणात मीठच घातलं न्हाई, तर मी चारी दिवस बोटं चाटून उठलो. पाचव्या दिवशी तिनंच रडून सांगितलं. तर शिंदी कुठनं वळखणार. मी वळखायचो अण्णाचं तोंड. लंगडीचा द्रोण देताना अण्णा आपसूक एका पायावर भार द्यायचे. मास्तरणीचा देताना ताठ व्हायचे. तहसीलदाराचा देताना कपाळाला आठी, नवरीचा देताना जरा लाजायचे, धाकटीचा देताना नाक फुगायचं. बहिरीच्या वेळंला उगंच मोठ्यानं बोलायचे. आन थोरलीच्या वेळंला एक हात आपोआप नमस्काराला उठायचा. मी डोळे मिटायचो ते मिटल्यावानी करायचो. फटीतनं बगून घ्यायचो आन मग मान हलवून, जीभ टाळ्याला लावून, चार माणसाकडं बगून सांगायचो, "मास्तरीण. काल जरा उशिरा झोपलीया." लोक वा वा करायचे.

दुसरं माझं नाव व्हतं ते डोक्याचं. बाकीचे लोक सकाळी सातलाच यायचे. मला उठायलाच नऊ वाजायचे. मी दहाला पोचायचो, तवर चार माणसं सोडली तर सगळे पिऊन, कुणी हसत, कुणी रडत, कुणी आपल्याच सावलीला रस्ता इचारत घरी जायलेले असायचे. मी मागनं निवांत बसायचो. आक्का कोपीच्या, मंजी झोपडीच्या, मागनं मडकं आणून ठेवायची. अण्णा वतायचे, मी वळखायचो, मग बारा बारा द्रोण प्यायचो आन बांधावरनं सायकल चालवत घरी जायचो. एक डाव झोक गेला न्हाई. लोक पोरास्नी दाखवायचे, बगा, याला मनतेत पिणं. मी बी मान ताठ करून जायचो. चढतीया का मनून कुणी इचारलं तर मनायचो, "चढती तुमाला. मला ती घाबरती."

तर असं चालल्यालं. मग एका थंडीत अण्णाला ताप आला. तीन आठवडे आथरुणाला व्हते. उठले, पुन्हा सदरा घातला, पुन्हा भांग पाडला, पुन्हा झाडावर चढले. गावाला वाटलं बरे झाले. एक दिवस मी दहाला गेलो तर अण्णा एकटेच बसल्याले, हातात कांदा. पेरू खावा तसा कांदा खायलेले. डोळ्यात पानी न्हाई, तोंड वाकडं न्हाई.

"बस," मनले. "तुला एक सांगतो, भाईर बोलायचं न्हाई. माझ्या तोंडातली चव गेलीया."

मला वाटलं गंमत करायलेत. मी हसलो.

"हसू नको. गोड न्हाई, आंबट न्हाई, तिखट न्हाई. काल हिनं मला चहात साखर दिली का मीठ दिलं ते मला अजून ठाव न्हाई. मी चांगला झालाय मनलो."

आता यात लई मोठी भानगड व्हती. अण्णानं तीस वर्षाखाली मारुतीच्या पारावर सगळ्या गावासमोर शपथ घेतल्ती. जवर माझी जीभ सात झाडं वळखतीया, तवर मी झाडावर चढणार. जीभ गेली की इळा खाली ठेवणार. आन त्येंचा थोरला पोरगा सोलापूरला असतो, दोन लेकराचा बाप, मोठ्या कंपनीत सुपरवायझर. तो कवाचा मागं लागल्याला. तुमचं वय झालं, पडलासा तर बगायचं कुनी, चला माझ्याकडं, तिसऱ्या मजल्यावर घर हाय, लिफ्ट हाय. झाडं काढून टाकू, वढ्याकाठची जमीन हाय, ऊस लावू. अण्णा मनायचे, "लिफ्टमधी चढायचं ते काय चढणं हाय का?" पन पोराच्या कानावर कुणीतरी घातलं, की अण्णाच्या तोंडाला चव ऱ्हायली न्हाई. त्यानं फोन केला, "अण्णा, येळवशीच्या अमावस्येला मी येतो. सात झाडं, सात नावं. बरोबर सांगितलासा तर मी पुन्हा कदी इषय काढणार न्हाई. एक जरी चुकलं तर त्याच दिवशी गाडीत बसायचं. शपथ तुमचीच हाय."

अण्णा मला मनले, "तू हायस मनून मला काळजी न्हाई. पयला घोट तू घे, मला खूण कर. मी नाव सांगतो."

त्या वेळंला मी सांगायला पायजे व्हतं. तोंड उघडलं बी. पन माणसाला आख्ख्या जन्मात एकच गोष्ट येत असती असं सगळे समजतेत, तर ती बी येत न्हाई असं कसं सांगायचं. मी मनलो, "अण्णा, तुमी काय काळजी करू नगा."

खुणा ठरल्या. लंगडीला पाय खाजवायचा. धाकटीला नाकाला बोट. नवरीला डोक्यावर टावेल. बहिरीला कान. तहसीलदाराला खिशात हात. मास्तरणीला छडी खायला तळहात पुढं. थोरलीला मिशीवर हात.

घरी येऊन मी सराव केला. बायकोला मनलो, तीन पेल्यात तीन जिनसा दे, डोळे बांधून वळखतो. तिनं ताक दिलं, आंबील दिली, पानी दिलं. मी फकत पानी वळखलो, ते बी पेला हलका लागला मनून. बायको मनली, "कशाला करायलाव हे?" मी मनलो, "एका माणसाचं घर वाचवायचं हाय." ती मनली, "मग दुसऱ्या कुणालातरी पाठवा."

येळवशीला आमच्या हिकडं गावात कुत्रं बी ऱ्हात न्हाई. अमावस्येला सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडाचे पांडव मांडून पुजायचे, डाळी-भाजीची भज्जी, बाजरीचे उंडे, आन मडकं भरून आंबील. आंबील मंजी ताकात जवारीचं पीठ शिजवून, वर लसूण, कोथिंबीर. पांढरी, आंबट. शिंदी बी पांढरी, आंबट. एवढं ध्यानात ठेवा, मी ठेवलो न्हाई.

पोरगा सकाळीच गाडी घेऊन आल्ता. हुशार गडी. मडक्यावरनं वळखू नये मनून त्यानं कोपीच्या मागं जाऊन सातीची शिंदी सात तांब्यात वतली. लग्नात आल्याले स्टीलचे आठ तांबे व्हते आक्काचे, एकासारखा एक. कोणत्यात काय ते कागदावर लिहिलं आन कागद खिशात. आठवा तांब्या आक्कानं जेवणाऱ्यासाठी आंबीलीनं भरून तिथंच शेजारी ठेवला.

जेवणं झाली. ऊन डोक्यावर. सकाळची शिंदी आता चांगली फसफसायली व्हती. सगळं गाव बांधावर बसलं. अण्णा कडब्याच्या पेंढीवर, इस्त्रीचा सदरा, कंबरंला चढायचा दोर, मांडीवर इळा. मी त्येंच्या समोर, पयला घोट जिभेचा असं अण्णानं सांगितल्यालं. पोरगा उभा.

पयला तांब्या पोरानं कोपीच्या मागनं आणून दिला. मी द्रोण भरला, घोट घेतला, आन जिभेला चटकाच बसला. एवढी कडक कशी लागायली मला कळंना. इस वर्षात असली लागली नव्हती. मी सवयीनं अण्णाच्या तोंडाकडं बगितलं. तोंड कोरं. कसं नसंल, त्येंनाच ठाव न्हाई तर तोंडाला कुठनं ठाव असणार. अण्णा माझ्या तोंडाकडं बगायलेले. मी त्येंच्या. तेवढ्यात कडब्यातनं एक मुंगळा माझ्या धोतरात शिरला आन पोटरीला चावला. मी पाय खाजवलो.

"लंगडी," अण्णा मनले.

पोरानं कागद बगितला. "बरोबर."

लोक मनले, वा. मला वाटलं, देव हाय. दुसरा तांब्या. मी भीतीनं आख्खा द्रोण पेलो. नाकात झिणझिण्या आल्या, नाक धरलो.

"धाकटी."

"बरोबर."

तिसऱ्याला मला घाम फुटला. बांधावरची लिंबाची झाडं एक पाऊल पुढं आल्यावानी दिसायली. टावेलानं तोंड पुसलो आन तो डोक्यावरच ऱ्हायला.

"नवरी."

पोरानं कागद बगितला, पुन्हा बगितला. "बरोबर."

आता लोक शिट्ट्या मारायले. आन मी बगा, मला खरंच वाटायलं की मला चव कळायली. इस वर्षं आपण उगंच अण्णाच्या तोंडाकडं बगत व्हतो, आपली जीभच आतनं बरोबर सांगत असंल. छाती फुगली. मी उठलो, उठताना जमीन जरा वाकडी झाली, ती दुरुस्त व्हायची वाट बगितली, आन चौथा तांब्या मी कोपीच्या मागं जाऊन माझ्या हातानं उचलून आणला. द्रोणात न वतता तसाच तोंडाला लावला. घटघटा पेलो. अण्णाला दिला. मिशीला कायतरी चिकटल्यावानी वाटलं मनून मिशीवर हात फिरवलो.

अण्णानं मोठा घोट घेतला. डोळे मिटले. मान हलवली. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मनले, "ही थोरली. यंदा जरा घट्ट झालीया."

बांधावर एक माणूस हसायला गेला आन त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. माझ्या हाताला बगितलो तर कोथिंबिरीचं पान.

पोरगा हळूच मनला, "अण्णा. ही आंबील हाय. आईनं केल्याली."

अण्णानं तांब्यात वाकून बगितलं. पुन्हा एक घोट घेतला, जसं काय आता तरी कळंल. मग तांब्या खाली ठेवला, कंबरंचा दोर सोडला, नीट गुंडाळला, आन त्याच्यावर इळा ठेवला.

"ताप आल्यापासनं चव न्हाई," मनले. "ह्यो खुणा करत व्हता, मी बोलत व्हतो. चल, गाडी काढ. एवढं झाडाला सांगून येतो."

मग मात्र माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. शिंदी व्हती का लाज व्हती ते ठाव न्हाई, मी त्येंच्या समोर जाऊन बसलो. "अण्णा, मला बी कळत न्हाई. कवाच कळलं न्हाई. मी तुमचं तोंड बगून सांगत व्हतो."

अण्णा थांबले.

"मंजी आज तू माझं तोंड बगत व्हतास, आन मी तुझं?"

"हौ अण्णा."

"मग मधी शिंदी कोन वळखत व्हतं?"

पोरगा लोकाकडं वळला. "तुमच्यापैकी कुणाला वळखायला येतं का? कुणी बी सांगा, ही कोणती." सगळे मान खाली घालून भुईमुगाच्या शेंगा सोलायले. तवा कळलं, सगळं गावच तीस वर्षं अण्णाचं तोंड बगत व्हतं. मी एकटा हुशार न्हाई, हे ऐकून मला जरा वाईट वाटलं.

आक्का तवर भांडी घासत व्हती. ती आली, पदराला हात पुसले, आन आंबीलीचा तांब्या बाजूला सारून पोराला मनली, "चार ऱ्हायलेत न्हवं? आण हिकडं."

"आई, तू कदी शिंदीला तोंड बी लावली न्हाईस."

"तोंड लावायचं कुणी सांगितलं? आण."

तिनं एक तांब्या उचलला, नाकापाशी धरला. "बहिरी." खाली ठेवला. दुसरा. "मास्तरीण." तिसरा. "तहसीलदार. मडकं बदलाय पायजे याचं, चिरलंय." पोरगा कागद बगत व्हता आन त्याचं तोंड पडत चालल्तं. चौथ्याला ती थांबली. पुन्हा वास घेतला. मग पोराकडं बगितलं, ल्हानपणी चोरी धरल्यावर बगत असंल तसं.

"ही थोरली हाय. पन हिच्यात मास्तरीण कामून वतलास?"

पोरानं कागद घडी करून खिशात घातला. "बगत व्हतो," मनला.

"काय बगत व्हतास? बापाला फसवायचं बगत व्हतास. तीस वर्षं रोज सात मडकी मी धुतीया, मी शेकतीया, उनात मी पालथी घालतीया. नाकाला कळणार न्हाई तर काय? शपथ काय घेतल्ती ह्येनी? जीभ चालती तवर. ह्येंची जीभ गेली. माझं नाक हाय. एका घराला एक बक्कळ झालं."

अण्णा खाली बगून मनले, "मला कदी बोलली न्हाईस."

"तुमी परीक्षा गड्याचीच घेत व्हतासा. मला कदी द्रोण दिलासा का?"

अण्णानं मग सगळ्यासमोर पळसाचं पान घेतलं, द्रोण केला, थोरलीची शिंदी वतली आन आक्काच्या पुढं धरला. तिनं वास घेतला आन माघारी दिला. "पास झाले न्हवं? बस झालं," मनली.

पोरगा भला हाय. त्यानं एकच अट घातली, उंच झाडावर चढायचं न्हाई. लंगडी आन नवरी बुटक्या हायत, तेवढ्याच. बाकीच्या पाचीला शेजारच्या गावचा गडी लावला. अण्णा त्याच्याखाली सदरा घालून उभे ऱ्हायचे आन झाडाला कानडीत सांगायचे, तो येतोय, नवा हाय, सांभाळून घे. अशा दोन थंड्या काढल्या त्येनी, आपल्या रानात, आपल्या झाडाखाली. परीक्षा आक्का घ्यायची. सगळे नापास. अण्णा बी नापास. तरी सगळ्याला शिंदी मिळायची. मग अण्णा गेले. झाडं अजून हायत. तहसीलदार त्या साली थंडीत थेंबबी दिला न्हाई. सही कुणी करायची मनून असंल.

पन त्या येळवशीचं एक सांगायचं ऱ्हायलं. पोरगा गाडी घेऊन एकटाच माघारी गेला, लोक पांगले, आन मी कोपीत कडब्यावर उताणा पडल्तो. आभाळ गरगर फिरायलं व्हतं. आक्का मडकी धुवायली व्हती, तिला मी पडल्या पडल्या मनलो, "आक्का, त्या पोरानं नक्की त्यात कायतरी मिसळलं. इस वर्षं झाली, मी रोज बारा बारा द्रोण पेतो, कदी पाय वाकडा पडला न्हाई. आज तीन द्रोणात असा कसा आडवा झालो?"

आक्कानं मडक्यात तांब्याभर पानी वतलं, खळखळ हलवलं, आन मान वर न करता मनली, "आज पयल्यांदा पेलास मनून. दहा वाजता उठून येणाऱ्याला शिंदी कुठली? मडकी इसळल्यालं पानी देत व्हते मी तुला. म्हशीसाठी ठेवायचे, ती तोंड लावत नव्हती."